मॉनिटरचा डिस्प्ले मधेच जातो आणि दोन-तीन सेकंदांनी परत येतो, सगळं बदलून झालं, आता काय करू?

मिरज_डीटीपी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज, कारण दोन महिने झाले मी या एका गोष्टीच्या मागे आहे आणि आता खरंच रडकुंडीला आलेय.

मी घरातूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दहाव्याच्या कार्यापासून बारशापर्यंत जे येईल ते. पीसी असेंबल केलेला आहे, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, मदरबोर्डच्या एचडीएमआयवरूनच २४ इंची फुल एचडी मॉनिटर चालतो. मॉनिटर तीन वर्षांचा आहे, त्याने आजवर कधीच त्रास दिला नव्हता.

होतं काय की काम करता करता स्क्रीन एकदम काळीठार होते. कॉम्प्युटर बंद होत नाही, गाणी लावलेली असतात ती चालूच राहतात, सीपीयूचा पंखा चालू असतो, आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप सगळं जिथल्या तिथे परत येतं, कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) जिथे कर्सर होता तिथेच. कधी दिवसातून दोनदा तर कधी पंधरा वेळा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिऱ्हाईक आलं की हमखास जातो. नवऱ्या मुलीचे वडील मागे उभे राहून बघतायत, मी त्यांना फॉन्ट दाखवायला बसतेय आणि स्क्रीन काळी. परवा एक जण म्हणाले, ताई आमचं काम वेळेत होईल ना. फार लागलं मनाला ते.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. एचडीएमआय केबल बदलली, दुकानातून नवी तीन मीटरची आणली. ड्रायव्हर काढून परत टाकले. रॅम काढून खोडरबरने घासून लावली (ओळखीच्या मुलाने केलं). विंडोज नवीन टाकलं, म्हणजे श्रीलिपीच्या मराठी फॉन्टपासून सगळं परत इन्स्टॉल करण्यात दोन दिवस गेले. मॉनिटर सर्व्हिस सेंटरला दिला, त्यांनी चार दिवस ठेवून घेतला आणि काही फॉल्ट नाही म्हणून चार्जेस घेऊन परत दिला. मग म्हटलं मॉनिटर आणि पीसी दोन्ही नणंदेकडे नेऊन बघू, ती सांगलीला असते. तिथे दोन दिवस पूर्ण काम केलं, एकदासुद्धा गेला नाही! घरी आणला, त्याच संध्याकाळी तीन वेळा गेला.

लग्नसराई तोंडावर आहे. सगळे म्हणतात नवा मॉनिटर घेऊन टाक. नऊ-दहा हजार घालायला माझी ना नाही, पण नवा आणून पण तेच झालं तर?

सर्व्हररूम_पुणे

ताई, आधी एक सांगतो, नवा मॉनिटर अजिबात घेऊ नका. नणंदेकडे तोच मॉनिटर तोच पीसी दोन दिवस चालला यातच अर्धं उत्तर आलंय.

तरी काही गोष्टी कन्फर्म करून घेऊ. स्क्रीन काळी होते तेव्हा मॉनिटरच्या पॉवर बटणाचा दिवा काय करतो ते बघितलंय का? तसाच राहतो, रंग बदलतो, की पूर्ण विझतो? दिवाच विझला तर मॉनिटरला करंट मिळत नाहीये, म्हणजे पॉवर कॉर्ड सैल किंवा आतला सप्लाय. दिवा पिवळा झाला किंवा नो सिग्नल असं आलं तर पीसीकडून सिग्नल तुटतोय. दिवा तसाच आहे आणि तिरप्या उजेडात अंधुक चित्र दिसतंय तर बॅकलाईट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेलाय. तीन वेगळे आजार आहेत, बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, आणि बहुतेक लोक इथेच फसतात.

दुसरं, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिस्टीम, तिथे ज्या वेळेला स्क्रीन गेली त्या वेळेला डिस्प्ले नावाची ४१०१ नंबरची नोंद आहे का बघा. ग्राफिक ड्रायव्हर दोन सेकंदांत उत्तर देत नसेल तर विंडोज त्याला पाडून परत उभं करतं, आणि तेव्हाही स्क्रीन अशीच जाऊन येते. ती नोंद नसेल तर ड्रायव्हरला बिचाऱ्याला सोडून द्या, परत परत टाकू नका.

केबलचं म्हणाल तर फुल एचडी ६० हर्ट्झला फार स्पीड लागतच नाही, साडेचार गिगाबिटच्या आसपास. जुन्या एचडीएमआय १.४ च्या केबलची कपॅसिटी १०.२ आहे. म्हणजे तुमच्या कामाला साधी केबलसुद्धा भरपूर झाली, फोरके ६० वर चालवणाऱ्यांना १८ वाली लागते, तो विषय तुमचा नाही. पण तीन मीटर का घेतली? मॉनिटरबरोबर दीड मीटरची येते ना?

मिरज_डीटीपी

इतकं नीट लिहिल्याबद्दल खूप आभार.

दिवा बघितला आज मुद्दाम. निळा असतो तो निळाच राहतो. नो सिग्नल येत नाही, यायच्या आधीच चित्र परत येतं. टॉर्च मारून बघायला तेवढा वेळच मिळत नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडलं, बराच वेळ शोधलं पण ४१०१ कुठेच नाही. आज पाच वेळा गेला आणि पाचही वेळांच्या आसपास काहीच लाल-पिवळं नाही.

तीन मीटर अशासाठी की दिवाळीत टेबल खिडकीपाशी सरकवलं आणि सीपीयू खाली जमिनीवर ठेवला. जुनी केबल ताणली जात होती. उरलेली केबल गुंडाळून एक्स्टेन्शन बोर्डापाशी बांधून ठेवलीय.

सर्व्हररूम_पुणे

ती गुंडाळी आधी सोडा. सिग्नलची केबल आणि २३० व्होल्टची वायर एकत्र वेटोळं करून ठेवू नका, लांब ठेवा, आणि जिथे एकमेकींना ओलांडतील तिथे आडव्या-उभ्या जाऊ द्या.

आणि ताई, दिवाळी म्हणालात. त्रास दोन महिन्यांपासून, दिवाळी पण साधारण तेव्हाचीच. दिवाळीत घरात अजून काय काय नवीन आलं? छोटी गोष्टसुद्धा सांगा. फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर, एलईडी ट्यूब, काहीही. आणि एक कागद घ्या, दोन दिवस प्रत्येक वेळी डिस्प्ले गेला की घड्याळातली वेळ आणि तुम्ही त्या क्षणी काय करत होता ते लिहा. माऊस हलवत होता, प्रिंट देत होता, काय असेल ते. घरात कुणी काही बटण दाबलं का तेही. आळस करू नका, माझ्या नोकरीत निम्मे प्रॉब्लेम अशा कागदानेच सुटलेत.

रिपेअरवाला_चिपळूण

मी मधेच घुसतो. माझं रिपेअरचं काउंटर आहे, आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात हे रोजचं. एचडीएमआयच्या पिना काळपट पडतात, ओल धरते. मदरबोर्डच्या बाजूचं एचडीएमआय सॉकेट बघा हललं का, कनेक्टर बोटाने अगदी हलका वर-खाली करून स्क्रीन जाते का बघा. जात असेल तर सॉकेटची डाग सुटलीय. नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा, पाण्याने नको, सॅनिटायझर पण नको, त्यात ग्लिसरीन असतं काही काही.

पण नणंदेकडे चाललं म्हणता म्हणजे सॉकेट नसणार. नेताना-आणताना हललं असतं तर तिथेही गेलं असतं.

वायरमन_इचलकरंजी

नमस्कार. मी कॉम्प्युटरातला माणूस नाही, पस्तीस वर्षं वायरिंगची कामं केली, आता मुलगा बघतो. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

ताई, एक विचारतो. अनवाणी पायाने फरशीवर उभं राहून सीपीयूच्या पत्र्याला उलट्या हाताने हलकेच स्पर्श केला तर झिणझिण्या येतात का? एचडीएमआय केबलच्या धातूच्या टोकाला? टेस्टर लावला तर टेस्टरातला दिवा लागतो का?

आणि तुमचं घर किती जुनं आहे?

मिरज_डीटीपी

काका, तुम्हाला कसं कळलं?? हो, येतात! मला वाटायचं सगळ्यांच्याच सीपीयूला येतात. म्हणून मी पायाखाली गोणपाट टाकून बसते. टेस्टर आत्ता लावला, लाल लागला. घर सासऱ्यांनी बांधलेलं आहे, ७५-७६ च्या सुमाराचं, मधे काही खोल्यांचं वायरिंग बदललं पण या खोलीचं नाही.

कागद पण लिहिला दोन दिवस. जसाच्या तसा टाकते:

मंगळवार, सकाळी ७.१० बोअरची मोटर लावली (मी कामाला बसले होते, मिस्टरांनी खाली बटण दाबलं). ९.४० दारावरची बेल, दार उघडायला उठले. ९.४५ परत येऊन बसले. ११.२० काही नाही, नुसतं टाईप करत होते, पाय बदलला असेन. १.०५ जेवायला उठले. ५.३० गिऱ्हाईक. ७.०० मोटर.

बुधवार, ७.१५ मोटर. १०.१० चहाला उठले. १२.०० कुरिअरवाला. ४.२० आणि ४.२५ मुलगी माझ्या खुर्चीवर बसून गोल गोल फिरत होती, दोनदा गेला.

लिहिताना लक्षात आलं की जवळजवळ दर वेळी मी उठतेय नाहीतर बसतेय! दोन महिने हे डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही. म्हणूनच गिऱ्हाईक आलं की जायचा, कारण मी दार उघडायला उठायचे आणि परत येऊन बसायचे.

आणि दिवाळीत नवीन काय आलं विचारलंत, तर खुर्ची. पाठ दुखते म्हणून मिस्टरांनी पाडव्याला ओवाळणी म्हणून चाकांची, वरखाली होणारी खुर्ची दिली. त्याआधी मी साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. नणंदेकडे कॉटवर बसून काम केलं. पण खुर्चीने मॉनिटर कसा जाईल? ती वायरीला लागत पण नाही, मी तीनदा बघितलं.

सर्व्हररूम_पुणे

ताई, खुर्चीच आहे. तुमचा कागद वाचून अंगावर काटा आला, इतका स्वच्छ पुरावा आहे तो.

हे मी मनाचं सांगत नाहीये. यूएसबीवरून मॉनिटर चालवायच्या चिप बनवणारी डिस्प्लेलिंक नावाची कंपनी आहे, त्यांच्या सपोर्टच्या पानावर हे लिहिलेलं आहे, की गॅस लिफ्टच्या (गॅसच्या सिलिंडरवर वरखाली होणाऱ्या) खुर्चीवरून माणूस उठला किंवा बसला की खुर्चीतून विजेचा एक अतिशय छोटा झटका बाहेर पडतो, तो व्हिडिओ केबल पकडते आणि डिस्प्लेचा सिंक तुटतो. आमच्या ऑफिसात एका रांगेतले तीन मॉनिटर असेच जायचे, आम्ही तिन्हींचे डॉक (लॅपटॉपला मॉनिटर जोडायचे डबे) बदलले, मॉनिटर बदलले, शेवटी ते पान सापडलं.

कारण समजून घ्या म्हणजे भीती जाईल. खुर्चीच्या सीटचं कापड तुमच्या कपड्यांवर घासतं, चार्ज साठतो. थंडीत आपल्याकडे हवा कोरडी असते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो बघा, तेच हे. तुम्ही उठलात की अंग सीटपासून सुटतं, सिलिंडरवरचं वजन जातं, आणि खुर्चीच्या आतले धातूचे भाग, जे एकमेकांना नीट टेकलेले नसतात, त्यांच्यात बारीक ठिणगी उडते. डोळ्यांना दिसत नाही, पण ती रेडिओच्या स्टेशनसारखी आजूबाजूला फेकली जाते. चाकं प्लास्टिकची, त्यामुळे चार्ज जमिनीत उतरायला वाटच नाही. आणि शेजारी तीन मीटर केबल अँटेनासारखी पसरलेली.

जुन्या व्हीजीएला हे झालं असतं तर फक्त एक रेघ चमकून गेली असती, कळलंही नसतं. एचडीएमआय डिजिटल आहे, सिग्नलचा ताल चुकला की मॉनिटर चित्र झाकून टाकतो आणि पहिल्यापासून पीसीशी बोलणी करतो, तुम्ही कोण, रिझोल्यूशन किती, कॉपीचं कुलूप आहे का. त्या बोलण्याला दोन-तीन सेकंद लागतात. झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून छोटा, पण काळोख तीन सेकंदांचा.

आजच टेस्ट करा. नवीन खुर्चीवर दहा वेळा उठा-बसा, किती वेळा गेला मोजा. मग प्लास्टिकची आणून दहा वेळा.

पण मोटरचं खुर्चीत बसत नाही. ते काका सांगतील बहुतेक.

वायरमन_इचलकरंजी

सांगतो. मोटर आणि झिणझिण्या या एकाच घरच्या आहेत.

७५-७६ चं वायरिंग म्हणजे त्या खोलीत बहुतेक दोनच वायरी असणार, फेज आणि न्यूट्रल. नंतर कुणीतरी तीन पिनांचं सॉकेट बसवलं असेल, दिसायला तीन भोकं, पण वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या, भोकाच्या मागे वायरच नाही. अशी सॉकेटं मी शेकड्याने बघितली. ती वरची पिन जाड आणि लांब असते, कारण आत जाताना ती आधी टेकावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी. इतका विचार करून केलेली पिन, आणि मागे वायर नाही.

मुलाला विचारून कॉम्प्युटरचं समजून घेतलं. पीसीच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायमध्ये, शिरतानाच एक फिल्टर असतो. लाईनमधून आलेला गोंगाट तो अर्थच्या वायरीत सोडून देतो. अर्थच नसेल तर तो कुठे सोडणार? पत्र्यावर सोडतो. म्हणून पत्र्यावर निम्मा व्होल्टेज तरंगतो, ११५ च्या आसपास. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या एसएमपीएस आत खराब झाला तर तोच पत्रा पुरा २३० चा होईल, आणि गोणपाट ओलं असेल तर काय होईल ते मी लिहीत नाही. ताई, मॉनिटर राहू दे बाजूला, हे काम आधी करून घ्या. घरात मूल खुर्चीवर फिरतंय म्हणता.

मोटर सुरू होताना लाईनवर मोठा धक्का येतो. तो फिल्टरमधून पत्र्यावर, पत्र्यावरून केबलच्या जाळीवर. म्हणून तुमचा ७ चा हिशेब मोटरशी जुळतो.

आता काय करायचं. वायरमनला बोलवा, स्वतः करू नका. त्याला मीटरने तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास यायला पाहिजे. फेज-अर्थ तितकाच. न्यूट्रल-अर्थ अगदी थोडा, एक-दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ भलताच काहीतरी आला, ६०, ९०, तर अर्थ लागलेलाच नाही.

आणि हे नीट ऐका, काही जण घाईत सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात, बघा आला अर्थ म्हणून. मीटरवर मापं बरोबर येतात, झिणझिण्या पण जातात, आणि तुम्ही पैसे देऊन मोकळे. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी तुमच्या कॉम्प्युटरचा पत्रा थेट फेजला लागेल. असं करायला निघाला तर त्याला घराबाहेर काढा. नळाच्या पाईपलाही जोडू देऊ नका, हल्ली निम्मे पाईप प्लास्टिकचे असतात. मीटरपाशी अर्थचा खड्डा आहे का बघा, तिथून हिरवी वायर सरळ त्या खोलीत ओढायला सांगा. खड्डा नसेल तर नवीन, अडीच मीटर जीआय पाईप, मीठ आणि कोळशाचे थर. त्याबरोबर तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या.

एक अजून. अर्थ होईपर्यंत एचडीएमआय काढता-लावताना पीसी आणि मॉनिटर दोन्हींचे प्लग भिंतीतून काढत जा. त्या ठिणगीने पोर्ट जळतात.

चहा_दोनदा

मधे विचारतो, माफ करा, पण माझंही मॉनिटरचंच आहे. जुना आहे, दहा-बारा वर्षांचा. चालू केला की चित्र येतं, दोन सेकंदांत काळं. परत बंद-चालू केला की परत दोन सेकंद. दिवा चालू असतो. खुर्ची लाकडी आहे. यालाही अर्थिंगच का?

रिपेअरवाला_चिपळूण

नाही दादा, तुमचं वेगळं. चित्र गेल्यावर खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च स्क्रीनला अगदी टेकवून तिरपा मारा. आयकॉन अंधुक दिसले का? दिसले तर चित्र आहे, मागचा उजेड गेलाय. इतका जुना म्हणजे आत एलईडीऐवजी बारीक ट्यूबाही असू शकतात. ट्यूब म्हातारी झाली किंवा सप्लायचे कपॅसिटर फुगले की आतलं सर्किट दोन सेकंद वाट बघून स्वतःच उजेड बंद करतं.

कपॅसिटर बघायला सोपा. वरचं टोपण सपाट पाहिजे, पुरीसारखं फुगलेलं असेल किंवा तपकिरी काही गळलं असेल तर गेला. बदलायला किंमत किरकोळ, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीवालाच घ्या, ८५ वाला नको, आत उष्णता असते. पण कव्हर स्वतः उघडू नका. सप्लायच्या त्या सगळ्यात मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. माझ्या हाताखालच्या पोराला एकदा बसलाय, स्क्रूड्रायव्हर समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला होता. दुकानात न्या.

ट्यूबच गेली असेल तर मात्र खर्च करू नका त्यात.

मिरज_डीटीपी

मंडळी, सगळं झालं, सविस्तर सांगते.

खुर्चीची टेस्ट त्याच रात्री केली. मिस्टर समोर मोबाईल धरून मोजत बसले. नवीन खुर्चीवर दहा वेळा उठले-बसले, चार वेळा स्क्रीन गेली. प्लास्टिकच्या खुर्चीवर वीस वेळा केलं, एकदाही नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. ज्या खुर्चीसाठी त्यांनी महिनाभर पैसे बाजूला ठेवले होते तिच्यामुळे असेल असं त्यांना वाटेना, बिचारे खट्टू झाले. मी म्हटलं खुर्चीत दोष नाही, पाठ खरंच थांबलीय माझी, आपण इलाज करू.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. काकांनी सांगितलं तसं मापायला लावलं. फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ ७१. सॉकेट उघडलं तर वरच्या स्क्रूला वायरच नव्हती, स्क्रू नवाकोरा, कधी पिळलाच नव्हता. आणि काका, पहिलं वाक्य त्याचं हेच होतं, ताई हितं न्यूट्रलला लूप मारून देतो, दहा मिनिटांचं काम! मी नाही म्हटलं आणि तुम्ही लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला बरोबर आहे त्यांचं, पण लोक पैसे द्यायला बघत नाहीत म्हणून आम्ही तसं करतो. मीटरपाशी खड्डा होता पण कोरडा ठणठणीत, वायर गंजून तुटलेली. ते सगळं नवीन केलं, हिरवी वायर केसिंगमधून खोलीत आणली, आरसीसीबी बसवला. खर्च झाला, पण मॉनिटरच्या निम्म्याहून कमी.

झिणझिण्या पूर्ण गेल्या. मी हात लावून बघितला, मग परत लावला, मग मुलीला पण लावायला सांगितला. मोटर सुरू केली तर स्क्रीन हललीसुद्धा नाही. आता न्यूट्रल-अर्थ १.८ येतं.

खुर्चीचं मात्र पूर्ण गेलं नाही. दिवसाला पाच-सात वेळा जायचा तो दिवसाला एकदा वगैरे जातोय. याला काय करू?

सर्व्हररूम_पुणे

वा ताई!! फार बरं वाटलं वाचून.

राहिलेल्यासाठी, सीपीयू टेबलावर किंवा टेबलाच्या बाजूला उंचावर आणा आणि जुनी दीड मीटरची केबलच लावा, ती खराब नव्हतीच कधी. जुन्या व्हीजीए केबलच्या टोकाला काळा जाड गोळा असायचा बघा, त्याला फेराईट म्हणतात, असले झटके गिळायलाच तो असतो. तो सुटा पण मिळतो, कप्प्यासारखा उघडून केबलवर चिमटायचा, केबलच्या दोन्ही टोकांना कनेक्टरच्या जवळ एकेक लावा. आणि सीटवर सुती बेडशीट किंवा टॉवेल टाका, सिंथेटिक कापडावर सिंथेटिक ड्रेस घासला की चार्ज जास्त साठतो.

वायरमन_इचलकरंजी

लूप मारू दिला नाही हे फार मोठं काम केलंत ताई. खड्डा कोरडा होता म्हणालात, तर मार्च ते मे त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालत जा, पाईपला वर नरसाळं बसवलं असेल त्यातून. आणि आरसीसीबीवर टी लिहिलेलं छोटं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला पाहिजे. दाबायच्या आधी फाईल सेव्ह करा.

मिरज_डीटीपी

आठवडा झाला. जुनी केबल, दोन फेराईट (दुकानदाराला नाव सांगून कळेना, शेवटी जुनी व्हीजीए केबल दाखवली तेव्हा दिले), सीटवर आईच्या जुन्या सुती लुगड्याची घडी. सात दिवसांत एकदाही नाही. काल तेच गिऱ्हाईक आलं होतं, काम वेळेत होईल ना विचारणारे. मी उठले, दार उघडलं, येऊन बसले, फॉन्ट दाखवले, त्यांनी पत्रिका पास केली, पाचशे प्रती.

काका, नरसाळं आहे. घरातले सगळे तिकडूनच जातात, तर तिथे एक बादली कायमची भरून ठेवलीय, जाता-येता ओततात.